मध्येच दगा देणारा पॉवर सप्लाय: दोष पकडायचा कसा?

पूर्ण मेलेला पॉवर सप्लाय दुरुस्त करणं त्यामानाने सोपं. फ्यूज उडालेला असतो, ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो, मीटर लावला की कळतं. खरा जीव खातो तो कधी चालणारा आणि कधी न चालणारा. तासभर काही तक्रार नसते. मग हॅम रेडिओवर तुमच्या कॉलला कुणीतरी उत्तर देतं, तुम्ही पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबता आणि रेडिओचा डिस्प्ले विझतो. झाकण उघडून टेबलावर घेतला, तर तोच सप्लाय शांतपणे रेडिओला लागणारे १३.८ व्होल्ट दाखवत राहतो.

अशा वेळी हात आपोआप सोल्डरिंग आयर्नकडे जातो. कॅपॅसिटर बदलू, आयसी बदलू, बघू काय होतं. मी याच्या ठाम विरोधात आहे. बदललेल्या सहा पार्टांपैकी नेमका कोणता खराब होता ते कळत नाही, आणि त्या खटपटीत बोर्ड हलतो, एखादा सैल सांधा तात्पुरता जुळतो आणि दोष आठवडाभर दडी मारून बसतो. कधीमधी येणाऱ्या दोषाच्या बाबतीत पहिलं काम एकच: तो हुकमी घडवून आणायचा. कशामुळे घडतो, उष्णतेने, थंडीने, धक्क्याने, लोडने की रेडिओलहरींनी, हे एकदा समजलं की कुठे शोधायचं हे निम्मं ठरलेलं असतं. आणि हुकमी घडवता येत नसेल, तर दुरुस्तीनंतर तो खरंच गेला की नाही, हेही सांगता येणार नाही.

आधी सप्लायच दोषी आहे का ते बघा

शंभर वॉटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) ट्रान्सीव्हर, म्हणजे ऐकणारा आणि पाठवणारा रेडिओ, रिसीव्हला एक-दोन अँपिअर घेतो आणि पूर्ण पॉवरने ट्रान्समिट करताना वीसच्या आसपास. सप्लायच्या टर्मिनलपासून रेडिओपर्यंतच्या वाटेत लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) असतात, कनेक्टर असतात, दोन फ्यूज होल्डर असतात. यातल्या एखाद्या सांध्यात फक्त ०.०५ ओहम रेझिस्टन्स आला, तरी २० अँपिअरला तिथे १ व्होल्ट पडतो आणि त्या एवढ्याशा जागेत २० वॉट उष्णता तयार होते. उष्णतेने स्प्रिंग ढिली पडते, पत्रा काळा पडतो, रेझिस्टन्स आणखी वाढतो. बऱ्याच रेडिओंना १३.८ व्होल्टच्या वरखाली १५ टक्के चालतात, म्हणजे खालची हद्द साधारण ११.७. दोन-तीन कमजोर सांधे मिळून ही हद्द सहज गाठतात. बोलताना आवाज चढला की रेडिओ रिसेट होतो आणि आळ येतो सप्लायवर.

तपासणी सोपी आहे. अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर बाहेर न सोडता जिरवणारा रेझिस्टर) लावा, सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एफएमवर स्थिर कॅरिअर, म्हणजे सलग लहर, द्या (एसएसबी मोडवर पॉवर आवाजाबरोबर बदलते, आकडा सारखा नाचतो) आणि दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा: सप्लायच्या टर्मिनलवर आणि रेडिओच्या मागच्या सॉकेटवर. टर्मिनलवर १३.८ आणि रेडिओपाशी १२.३ असेल, तर दोष केबलमध्ये आहे, सप्लाय उघडायचं कारणच नाही. मग मीटर मिलिव्होल्टवर घेऊन एकेका सांध्याच्या दोन बाजूंना प्रोब टेकवत जा. चांगल्या सांध्यावर दहा-वीस मिलिव्होल्टच दिसतात, खराब सांधा लगेच उठून दिसतो. सप्लायचं टर्मिनलसुद्धा यातून सोडू नका. बाहेरचा नट घट्ट असतो, पण आतून त्या बोल्टवर बसवलेला लग सैल असू शकतो.

दुसरी चाचणी चांगल्या बॅटरीची. पूर्ण चार्ज झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर तोच रेडिओ, तीच केबल, तीच अँटेना लावा. तिथेही तसंच झालं तर सप्लाय निर्दोष.

आणि तिसरी, जी बहुतेक जण विसरतात. डमी लोडवर सगळं ठीक, पण अँटेना लावून एखाद्याच बँडवर ट्रान्समिट केलं की सप्लाय बंद पडतो, असं होतं का? होत असेल तर हा रेडिओलहरींचा उपद्रव आहे. डीसी केबल आणि मेन्सची (घरच्या विजेची) वायर अँटेनासारखं काम करतात, आरएफ (रेडिओलहरींची ऊर्जा) त्यांच्यावरून सप्लायच्या आत शिरतं आणि व्होल्टेजवर नजर ठेवणाऱ्या सर्किटमधल्या सेमीकंडक्टर जंक्शनवर रेक्टिफाय होतं, म्हणजे त्याचं डीसी होतं. सर्किटला वाटतं आउटपुट बदललं. ते व्होल्टेज ओढून खाली आणतं, नाहीतर थेट प्रोटेक्शन लावून सप्लाय बंद करतं. एचएफसाठी ३१ नंबरच्या मटेरियलचा फेराइट कोअर घ्या आणि केबलचे त्यावर शक्य तितके वेढे द्या. नुसता एकदा ओवून फारसं साधत नाही, कारण इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फीडलाइनच्या (रेडिओ ते अँटेना केबलच्या) बाहेरच्या अंगावरून येणारा नको असलेला (कॉमन मोड) करंट मात्र अँटेनापाशीच थांबवावा लागतो, चांगला चोक किंवा बालन लावून. सप्लाय इथे फक्त तक्रार पोचवतो आहे.

आत काय चालतं

हे सगळं करूनही बोट सप्लायकडेच राहिलं, तर आत काय आहे ते थोडक्यात समजून घेऊ. मेन्सचं एसी आधी ब्रिजमधून सरळ डीसी होतं. २३० व्होल्टच्या मेन्सवर ते सुमारे ३२५ व्होल्ट भरतं आणि मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठतं. दोन ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट हे डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरला देतात. पलीकडे शॉटकी डायोड, चोक आणि लो-ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेले) कॅपॅसिटर मिळून १३.८ व्होल्ट तयार करतात. एक कंट्रोल आयसी आउटपुटवर लक्ष ठेवून स्विचिंगचा पल्स रुंद किंवा अरुंद करतो. ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूला प्रायमरी म्हणतात आणि रेडिओकडच्या बाजूला सेकंडरी. ही सीमारेषा डोक्यात पक्की ठेवा, तुमचा जीव तिच्यावर अवलंबून आहे.

झाकण उघडण्याआधी प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. त्यानंतरही मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट असू शकतात. त्यांना हळूहळू रिकामं करणारा ब्लीडर रेझिस्टर लावलेला असतो, पण दोषी सप्लायमध्ये तोही तुटलेला असू शकतो. ४.७ किलोओहमचा १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड प्रोबला जोडून कॅपॅसिटरवर काही सेकंद धरा आणि नंतर मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. काही सप्लायमध्ये प्रायमरीचं हीटसिंकच मेन्सशी जोडलेलं असतं, म्हणून सप्लाय चालू असताना कुठल्याही हीटसिंकला हात नको. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप प्रायमरीला कधीच लावू नका. ती अर्थला जोडलेली असते, लावताक्षणी स्फोट होतो. प्रायमरीवर काम करायचंच असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सपासून वेगळं ठेवणारा) हवा. ज्यांना लाइव्ह मेन्सवर काम करायची सवय नाही त्यांनी प्रायमरीची मोजमापं दुसऱ्या कुणा जाणकारावर सोपवावीत. सेकंडरीवर करण्यासारखं पुष्कळ आहे.

सप्लाय नेमका कसा बंद पडतो?

«बंद पडतो» एवढं वर्णन पुरत नाही. कसा बंद पडतो ते नीट बघा.

एकदा बंद पडला की स्विच बंद करून थोडं थांबून पुन्हा चालू करेपर्यंत उठत नाही, असं असेल तर प्रोटेक्शन लॅच झालं आहे, म्हणजे बंद अवस्थेतच अडकलं आहे. ओव्हरव्होल्टेज किंवा ओव्हरकरंट सर्किटने मुद्दाम सप्लाय थांबवला. तेव्हा प्रश्न असा: व्होल्टेज खरंच वाढलं होतं, की प्रोटेक्शनच चुकून लागलं?

टिक-टिक आवाज येतो, पॅनेलवरचा दिवा लुकलुकतो, सुरू व्हायचा प्रयत्न करून पुन्हा थांबतो. हा एकतर आउटपुटवर शॉर्ट आहे, नाहीतर कंट्रोल आयसीचा स्वतःचा सप्लाय टिकत नाही.

आउटपुट शून्यावर न जाता लोडबरोबर ११-१२ व्होल्टपर्यंत दबतं आणि लोड काढला की परत येतं, तर आउटपुटचे कॅपॅसिटर, करंट लिमिट किंवा प्रायमरीच्या मोठ्या कॅपॅसिटरकडे बघायचं. हे मोठे कॅपॅसिटर सुकले की मेन्सच्या प्रत्येक अर्ध्या लाटेमधल्या खाचेत ३२५ व्होल्ट खोल खाली येतात, आणि जड लोडवर आउटपुटलाही १०० किंवा १२० हर्ट्झची गुरगुर दिसते.

आणि काही क्षण पूर्ण मेला, मग आपला आपण उठला, असं असेल तर बहुधा कुठेतरी सांधा सुटतो-जुळतो आहे, किंवा थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर सप्लाय थांबवणारा स्विच) काम करतो आहे. पंखा धुळीने जड झालेला असतो हे कारण इतकं साधं आहे की ते सगळ्यात शेवटी आठवतं. सगळ्यात आधी बघा.

साध्या मीटरला क्षणभराची दचक दिसत नाही. मिन-मॅक्स नोंद ठेवणारा मीटर आउटपुटला लावून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे ऑसिलोस्कोप सेकंडरीवर, घसरत्या बाजूला १३ व्होल्टचा सिंगल ट्रिगर (व्होल्टेज १३ च्या खाली गेलं की एकदाच चित्र टिपणारा) लावून. दोष घडला की चित्र पकडलेलं असतं. आउटपुट एका झटक्यात पडलं की सावकाश घसरलं, एवढ्यावरूनच पुष्कळ कळतं.

चाचणीसाठी रेडिओ वापरू नका. खोटा लोड घ्या. १ ओहमचा मोठ्या वॉटेजचा रेझिस्टर १३.८ व्होल्टवर १३.८ अँपिअर घेतो आणि १९० वॉट उष्णता टाकतो, तेव्हा त्याला भक्कम हीटसिंक आणि वारा हवा. गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे बल्बही चालतात, फक्त थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्याच्या साधारण दहावा भाग असतो. सगळे एकदम जोडलेत तर चांगला सप्लायही ट्रिप होईल. एकेक करून वाढवा.

उष्णता, थंडी आणि लाकडी काडी

तापल्यावरच येणारा दोष असेल तर त्याची वाट बघत बसू नका. हेअर ड्रायरच्या तोंडाला कागदाचा कोन लावला की बोर्डाचा छोटा भाग वेगळा तापवता येतो. दोष आला की फ्रीझ स्प्रेचा छोटासा फवारा एकेका पार्टवर मारायचा. ज्याच्यावर मारल्यावर सप्लाय पुन्हा जिवंत होतो तो संशयित. स्प्रेनंतर त्या जागी दव धरतं, म्हणून फवारा जेमतेमच हवा, आणि प्रायमरीवर मारायचाच असेल तर प्लग काढून, मग पूर्ण सुकू देऊन पुन्हा चालू करा.

धक्क्याने येणाऱ्या दोषासाठी सुकी लाकडी किंवा प्लॅस्टिकची लांब काडी. सप्लाय चालू, लोड लावलेला, एक हात पाठीमागे, आणि काडीने हलकेच टकटक. आधी मोठे पार्ट: ट्रान्सफॉर्मर, चोक, हीटसिंक, आउटपुटच्या जाड वायरी. टकटकीने बोर्डभर कंप पसरतो म्हणून जागा फसवी वाटू शकते, तेव्हा हळूहळू जोर कमी करत जा. सगळ्यात कमी जोरात जिथे दोष येतो, ती जागा जवळची.

बहुतेक वेळा तिथे ड्राय सोल्डर (नीट न धरलेला किंवा तडकलेला सांधा) सापडतं. प्लग काढून, कॅपॅसिटर रिकामे करून बोर्ड उलटा घ्या आणि दहापट भिंगातून, एका बाजूने तिरका प्रकाश टाकून ट्रान्सफॉर्मरच्या पिना बघा. खराब सांध्यात पिनेभोवती केसाएवढी बारीक, गोल काळी रेघ दिसते, जणू पिन आणि सोल्डर वेगळे होऊन तिथे बांगडी उमटली आहे. चालू-बंद होताना पार्ट तापतो, थंड होतो, प्रसरण-आकुंचनाने सांधा थकतो आणि तडकतो. वजनदार पार्ट आणि हीटसिंकवर आवळलेले ट्रान्झिस्टर-डायोड यांच्या पायांवर हे हमखास होतं, कारण हीटसिंक एका दिशेला ओढतं आणि बोर्ड दुसऱ्या. अशा सांध्यावर नुसतं आयर्न टेकवून जुनं सोल्डर वितळवू नका. जुनं काढा, पिन साफ करा, फ्लक्स लावा, जाड टिपने नवीन सोल्डर भरा. जिथून वीस-तीस अँपिअर जातात तिथे बारीक टिपचं आयर्न पिनेला पुरेसं तापवूच शकत नाही, आणि नवा सांधाही ड्राय होतो.

भिंग हातात आहे तोवर पार्ट चिकटवायला कंपनीने लावलेला पिवळट गोंदही बघा. काही प्रकारचा गोंद वर्षानुवर्षं तापून तपकिरी, कडक होतो, थोडासा विद्युतवाहक होतो आणि पार्टांचे पाय गंजवतो. नाजूक सर्किटच्या आसपासचा असा गोंद खरवडून काढलाच पाहिजे. व्होल्टेज ठरवणारा प्रीसेटही (फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर) इथेच तपासा. त्याच्या सरकत्या टोकाचा संपर्क क्षणभर सुटला तर काही सप्लायमध्ये आउटपुट वर उडी मारतं आणि ओव्हरव्होल्टेजचा लॅच लागतो. लोक मग प्रोटेक्शन सर्किटला दोष देत बसतात, आणि ते बिचारं रेडिओ वाचवत असतं.

थंड असताना सुरू न होणारा सप्लाय

सकाळी टिक-टिक करतो, दहा मिनिटं तसाच ठेवला की चालू होतो आणि मग दिवसभर चालतो. ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

यूसी३८४२ हा कंट्रोल आयसी घ्या. त्याला जागं व्हायला सुमारे १६ व्होल्ट लागतात आणि १० व्होल्टच्या खाली गेलं की तो झोपतो. सुरुवातीला त्याला वीज मिळते ती ३२५ व्होल्टवरून एका मोठ्या रेझिस्टरमधून, जेमतेम दोनेक मिलिअँपिअर. पण कामाला लागल्यावर त्याला पंधराच्या आसपास लागतात. करंगळीएवढ्या धारेने बादली भरायची आणि भरली की पूर्ण उघड्या तोटीने वापरायची, असा हा प्रकार आहे. बादली रिकामी व्हायच्या आत ट्रान्सफॉर्मरच्या मदतनीस वाइंडिंगकडून वीज यायला हवी.

ही बादली म्हणजे आयसीशेजारचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, बहुतेकदा २२ ते १०० मायक्रोफॅरडचा. ४७ मायक्रोफॅरडचा चांगला कॅपॅसिटर १५ मिलिअँपिअरला १६ वरून १० व्होल्टवर यायला सुमारे १९ मिलिसेकंद घेतो. तेवढ्यात आउटपुट उभं राहतं. तोच सुकून ५ मायक्रोफॅरडचा उरला, तर मिळतात फक्त २ मिलिसेकंद. आयसी उठतो, दोन-चार पल्स देतो, झोपतो, पुन्हा भरायला लागतो. हीच ती टिक-टिक. सुकलेल्या इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर थंडीत आणखी वाढतो आणि आत ऊब आली की थोडा उतरतो, म्हणून दहा मिनिटांनी सप्लाय चालू होतो. हा कॅपॅसिटर बऱ्याचदा गरम रेझिस्टरला खेटून बसवलेला असतो, आणि वरून फुगलेलाही दिसत नाही. साध्या कपॅसिटन्स मीटरवर तो कधीकधी पासही होतो, ईएसआर मीटरवर पकडला जातो. बदलताना १०५ अंशांचा, लो-ईएसआर घ्या. स्टार्ट-अपचे ते रेझिस्टरही त्याच वेळी मोजा, वर्षांनुवर्षं ३२५ व्होल्ट सोसून त्यांची किंमत वाढत जाते.

टीएल४९४ हा कंट्रोल आयसी वापरणाऱ्या हाफ-ब्रिज (दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालणाऱ्या) सप्लायमध्ये आयसी बहुतेकदा सेकंडरी बाजूला असतो, आणि तिथे मला एक पद्धत फार उपयोगी वाटते. १२, १४ आणि ४ नंबरच्या पिनांना आणि ग्राउंडला बारीक वायरी आधीच सोल्डर करून झाकणाबाहेर आणायच्या. दोष घडला की बोर्डाला हात न लावता तिन्ही पिना मोजता येतात. प्रोबच्या स्पर्शाने जुळणारे सांधे मग फसवत नाहीत. १२ वर व्होल्टेजच नाही, तर आयसीचा सप्लाय तुटतो आहे. १२ ठीक पण १४ वर ५ व्होल्ट नाहीत, तर आयसी किंवा त्या ५ व्होल्टवरचा एखादा पार्ट गडबडतो आहे. दोन्ही ठीक आणि ४ नंबरची पिन ३ व्होल्टच्या वर चढलेली, तर प्रोटेक्शनने पल्स थांबवले आहेत, त्याच्या मागे जा. तिन्ही ठीक आणि तरी आउटपुट नाही, तर ड्राइव्ह ट्रान्सफॉर्मर, पॉवर ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या बेसजवळचे छोटे, बहुधा १ मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक. हे टिकलीएवढे कॅपॅसिटर गरम ट्रान्झिस्टरांच्या सावलीत सुकतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत.

दुरुस्तीनंतर

पार्ट बदलल्यावर पहिल्यांदा मेन्स देताना साठ किंवा शंभर वॉटचा साधा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे आणि बल्बने नवे ट्रान्झिस्टर वाचवले. बल्ब सिरीजमध्ये असताना जड लोड देऊ नका, सप्लाय सुरूच होणार नाही.

मग ज्या परिस्थितीत दोष हुकमी येत होता ती सगळी पुन्हा उभी करा. थंडीत येत होता तर रात्रभर बंद ठेवून सकाळी, तापून येत होता तर खोट्या लोडवर झाकण लावून काही तास, धक्क्याने येत होता तर पुन्हा तीच काडी. झाकण लावून हे महत्त्वाचं, कारण उघड्या बोर्डाला मिळणारा वारा बंद पेटीत मिळत नाही. शेवटी खोटा लोड झटकन जोडून आणि झटकन काढून स्कोपवर आउटपुटची उसळी बघा. लोड निघताना ती १५ व्होल्टच्या खालीच राहत असेल, तर रेडिओची केबल जोडा.